पोट मारून जगणं सोडलंत? खाणं वाढवताना मन खचवणाऱ्या या चुका टाळा

महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पोटाला चिमटा काढून जगल्यावर एक दिवस ठरतं, आता नीट खायचं. निर्णय बरोबर असतो, ताटही वाढलेलं असतं. तरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माणूस रडकुंडीला येतो आणि परत कॅलरींच्या जुन्या आकड्यावर जाऊन बसतो. याचा दोष बहुतेक जण स्वतःच्या मनोबळाला देतात आणि तिथेच फसतात. शरीरात काही अपेक्षित बदल होतात, त्यांचा भलताच अर्थ लावला जातो, त्या अर्थाची धास्ती बसते आणि हात आखडला जातो. खालच्या बहुतेक चुका याच साखळीतल्या आहेत.

तपासणी न करता खाणं वाढवणं

फार दिवस फार कमी मिळालेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. त्यांची रक्तातली पातळी घसरली की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि त्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) १६ च्या खाली आहे, गेल्या तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन घटलंय किंवा १० दिवसांहून अधिक काळ जवळपास काहीच पोटात गेलेलं नाही, यातलं एक जरी लागू असेल तर खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवा. चक्कर, धडधड, धाप, गोंधळल्यासारखं होणं, भराभर चढणारी सूज यातलं काही दिसलं तर थेट इस्पितळ गाठा. वजन बेताचं असलं तरी पाळी थांबली असेल किंवा नाडी खूप मंद झाली असेल, तर रक्ततपासणी आणि ईसीजी आधी करून घ्या.

‘मनाची तयारी झाली की खाईन’

सगळ्यांत महाग पडते ती ही चूक. चिडचिड, डोक्यात सतत अन्नाचेच विचार, उगाच रडू येणं, साधा निर्णय न सुचणं ही उपासमारीचीच लक्षणं असतात. ती जायला आधी अन्नच पोटात जावं लागतं.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे जवळपास निम्म्या अन्नावर ठेवलं. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटलं. सुरुवातीला मनाने धडधाकट असलेली ही माणसं पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, ताटातलं अन्न चिवडत वेळ काढू लागली, उदास झाली. त्यांचं अन्न पुन्हा वाढवल्यावर काय झालं, ते तुमच्या जास्त कामाचं आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत अनेकांचं मन सुधारलं नाही, काहींचं तर आणखीच खचलं. मन शरीराच्या मागून येतं, आणि बरंच मागून. तिसऱ्या आठवड्यात ‘खातोय तरी उदास वाटतंय, म्हणजे हे माझ्यासाठी नाही’ असं वाटलं, तर हे आठवा.

म्हणून सुरुवातीचे काही महिने खाणं भुकेवर किंवा इच्छेवर सोडू नका, घड्याळावर सोपवा. तीन जेवणं, दोन-तीन वेळा मधलं खाणं, आणि मध्ये चार तासांहून जास्त खंड नाही. काय आणि किती, हे आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवा. दुपारी चारला केळं आणि मूठभर शेंगदाणे लिहिलेत ना, मग चारला तेच. पावणेचारला ‘आज जेवण जड झालंय, शेंगदाणे राहू देत’ असा विचार येणार. तो रोज येणार. त्याच्याशी वाद घालू नका आणि तो पटवून घ्यायचाही प्रयत्न करू नका. कागदाकडे बघा आणि पहिला दाणा तोंडात टाका.

काट्यावरचा आकडा म्हणजे चरबी असं समजणं

शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साखर साठवतं. कमी खाण्याने हा साठा रिकामा होतो आणि खाणं वाढवलं की सर्वांत आधी तोच भरतो. एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. समजा ४०० ग्रॅम साठा परत भरला, तर पाण्यासकट दीड किलोच्या वर वजन तिथेच वाढलं. त्यात आतड्यातल्या अन्नाचं वजन मिळवा. शिवाय वाढलेल्या इन्सुलिनमुळे मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, म्हणून पाणी साचतं. घोटे सुजतात, सकाळी डोळ्यांखाली फुगवटा दिसतो, मोज्यांचे वळ उमटतात. हे पाणी सहसा काही आठवड्यांत ओसरतं. ते घालवायला जुलाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेऊ नका. त्या थांबवल्या की पाणी जास्तच साचतं आणि पोटॅशियम घसरतं ते वेगळंच.

आता हिशोब करा. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त लागतात. तीन दिवसांत काटा १.८ किलोने वर गेला आणि ती सगळी चरबी मानली, तर तुम्ही गरजेच्या वर जवळजवळ १४,००० कॅलरी खाल्ल्या असल्या पाहिजेत. कागदावरचं खाणं तपासा, तसं झालेलं नसतं.

हा हिशोब शांत डोक्याने पटतो, पण सकाळी सहाला काट्यावर उभं राहून पटत नाही. त्यामुळे रोज वजन करणं बंदच करा. उपचार चालू असतील तर ठरलेल्या दिवशी दवाखान्यात, काट्याकडे पाठ करून. वजनावर लक्ष ठेवायची गरज असतेच, पण आकडा पाहून त्या दिवसाचं जेवण ठरवायची सवय तुटायला हवी. काटा घरातून हलवा. कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेला काटा हाती लागतोच.

आज न होणारे जुने कपडेही त्याच दिवशी बांधून बाजूला काढा आणि पोटावर न आवळणारे दोन जोड हाताशी ठेवा. दिवसभर कमरेला रुतणारं बटण दर मिनिटाला एकच गोष्ट सांगत राहतं, आणि तिचा खाणं बरोबर की चूक याच्याशी काही संबंध नसतो.

पोट फुगलं म्हणून ताट कमी करणं

कमी खाण्याच्या काळात जठर आणि आतडी मंदावतात. अन्न जठरातून सावकाश पुढे सरकतं, म्हणून थोडं खाल्लं तरी तडस लागल्यासारखं होतं, गॅस होतो, बद्धकोष्ठता होते. यावर औषध म्हणजे नियमित खाणं, पण त्यानेही काही आठवडे जातात. ‘मला हे पचत नाही’ म्हणून कोणी दूध सोडतं, कोणी धान्यं सोडतं आणि यादी पुन्हा जुन्या डाएटइतकी आखूड होते.

ताटाचा आकार सोसत नसेल तर कॅलरी तशाच ठेवून आकारमान कमी करा. एक मोठा चमचा तेल किंवा तूप म्हणजे सुमारे १२० कॅलरी, ३० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे सुमारे १७०. तेवढ्याच कॅलरी कच्च्या भाज्यांतून घ्यायच्या तर परातभर चावावं लागेल. कच्च्या भाज्यांचे डोंगर, पोट भरल्याचा भास देणारं भरमसाट पाणी, दिवसभराची कॉफी ही सगळी भूक मारायची जुनी हत्यारं आहेत. ती कमी करा. जेवणानंतर पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर बराच आराम पडतो.

अनावर भुकेला हावरटपणा म्हणणं

काहींना पहिल्या दिवसांत भूकच लागत नाही आणि मग अचानक अशी लागते की ताट संपलं तरी थांबवत नाही. याची फार लाज वाटते, लोक लपून खातात. वजन घटलं की पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं, भूक चेतवणारं घ्रेलिन वाढतं आणि शरीर झीज भरून काढायला अन्न मागतं. मिनेसोटातल्या तरुणांनाही, बंधनं उठल्यावर, गच्च भरलेल्या पोटाने भूक लागत होती आणि काही जण दिवसाला ५,००० कॅलरींच्या वर खात होते.

अशा दिवशी एकच नियम पाळा. पुढचं खाणं वगळायचं नाही. रात्री जास्त खाल्लं म्हणून सकाळी उपाशी राहिलात की संध्याकाळची भूक आणखी खवळते आणि मग खरंच चक्र सुरू होतं. जास्त खाल्ल्यावर उलटी काढायची ओढ होत असेल किंवा ताबा सुटल्यासारखं खाणं पुन्हा पुन्हा होत असेल, तर खाण्याच्या विकारांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा.

आठवड्याला ५० कॅलरी वाढवणं

मुंगीच्या पावलांनी वाढवलं की वजनही वाढणार नाही आणि भीतीही वाटणार नाही, असं सांगितलं जातं. आमचं मत स्पष्ट आहे. वैद्यकीय धोका नसेल तर ही चाल म्हणजे उपासमारच लांबवणं. मिनेसोटात पुनर्भरणाच्या पहिल्या टप्प्यात चार गट केले होते. त्यांना उपासमारीच्या काळापेक्षा दिवसाला ४०० ते १,६०० कॅलरी जास्त दिल्या. सर्वांत कमी मिळालेल्या गटात सुधारणा जेमतेमच दिसली.

डॉक्टर-आहारतज्ज्ञांनी हिरवा कंदील दिला असेल तर दर दोन-तीन दिवसांनी २५०-३०० कॅलरींची पायरी घ्या, म्हणजे एक नवं मधलं खाणं किंवा जेवणात एक चमचा तूप आणि एक ग्लास दूध. प्रत्येक पायरीला भीती सारखीच वाटते, मग पायऱ्या कमी असलेल्या बऱ्या.

जेवणानंतरचा तास मोकळा सोडणं

अपराधीपणा सहसा शेवटच्या घासानंतर चढतो. कित्येकांच्या बाबतीत पुढचा अर्धा-पाऊण तास सर्वांत वाईट जातो. त्या वेळी माणूस चालायला निघतो, मनात आकड्यांची बेरीज करतो, आरशासमोर पोट चिमटीत धरून बघतो, नाहीतर रात्रीचं जेवण मनातल्या मनात कापून टाकतो. असं केलं की लगेच हायसं वाटतं, आणि खरी अडचण तीच आहे. खाणं हे संकट होतं आणि भरपाईमुळे आपण वाचलो, एवढंच मेंदू शिकतो. पुढच्या जेवणाला भीती तितकीच असते, बहुधा थोडी जास्तच.

या तासाची सोय जेवायला बसण्याआधी करून ठेवा. एकटं राहू नका. ज्याच्याशी खाण्याबद्दल एक शब्दही बोलावा लागणार नाही असा माणूस जवळ हवा, निदान फोनवर. हात गुंतवणारं काम निवडा, लोकर विणणं, पत्ते, रंगकाम, कपड्यांच्या घड्या. नुसता टीव्ही पुरत नाही, कारण हात मोकळे राहतात आणि पोट चाचपत बसतात. जेवण संपताच अस्वस्थतेला ० ते १० मध्ये आकडा द्या, वेळेसह लिहा, दर १५ मिनिटांनी पुन्हा लिहा. १:३० ला ८, १:४५ ला ९, २ ला ७, २:३० ला ४. काहीही भरपाई न करता आकडा स्वतःच उतरतो, हे आपल्याच अक्षरात पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. दोन आठवड्यांचे कागद जपून ठेवा आणि वाईट दिवशी ते काढून वाचा.

या काळात धावणं, जिम, रोजची ठरलेली पावलं, सगळं थांबवा. डॉक्टर सांगतील तेव्हा परत सुरू करता येईल.

घरच्यांना काय बोलायचं ते न सांगणं

‘आता कशी छान भरलीस!’ हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य अख्खा दिवस नासवू शकतं. लोकांना हे कळत नाही, सांगावं लागतं. सरळ सांगा, ‘माझ्या दिसण्याबद्दल आणि ताटाबद्दल काही बोलू नका, चांगलंही नको. जेवताना दुसऱ्या कशाबद्दल तरी बोला आणि मी उठायला लागले तर थोडं बस म्हणा.’ एवढं तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठी लिहून द्या.

ठरलेलं खाणं सलग दोन आठवडे निम्मंही जमत नसेल तर एकट्याने लढत बसू नका, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांचीही मदत घ्या. जगणंच नकोसं वाटू लागलं तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा, आपत्कालीन मदत मागा आणि ती येईपर्यंत त्याला शेजारी बसवून ठेवा.