अ‍ॅजिलिटी सुरू करताय? आधी स्वतःचे पाय बघा

कुत्र्याला अ‍ॅजिलिटी (कुत्र्याने मालकाच्या खुणांवर, ठरलेल्या क्रमाने आणि वेगात अडथळे पार करायचा खेळ) शिकवायचीय म्हटलं की बरेच जण पहिल्या आठवड्यातच टनेल (पळत आरपार जायची नळी) आणि जंप (वरून उडी मारायची दांडी) विकत घ्यायच्या मागे लागतात. माझं मत विचाराल तर सामान सगळ्यात शेवटी. कुत्रा टनेल पटकन शिकतो, जंप तर त्याहून लवकर, पण एक अडथळा झाल्यावर पुढचा कुठला हे त्याला कधीच माहीत नसतं, कारण प्रत्येक स्पर्धेत कोर्स, म्हणजे अडथळ्यांची मांडणी आणि क्रम, नवा असतो आणि तो फक्त तुम्ही बघितलेला असतो. म्हणजे पहिले काही महिने खरं ट्रेनिंग तुमचं आहे, कुत्र्याचं नाही.

हा खेळ 1978 साली इंग्लंडमधल्या क्रफ्ट्स या डॉग शोमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला, मधल्या वेळेत लोकांचं मन रमावं म्हणून, आणि त्याची कल्पना घोड्यांच्या शो जंपिंगवरून घेतलेली होती. पण तिथे स्वार घोड्यावर बसलेला असतो आणि लगाम त्याच्या हातात असतो. इथे तुम्ही बाजूने पळताय, पट्टा नाही, हातात खाऊ नाही, खेळणं नाही. उरतं काय, तर तुमचा आवाज आणि तुमचं अंग. त्यातही कुत्रा अंग आधी वाचतो, तोंडाने तुम्ही टनेल म्हणालात आणि पायाची बोटं जंपकडे वळलेली असतील तर तो जंपकडेच जाणार, आणि त्याचं बरोबर असतं!

मग सुरुवात कुठून करायची? मोकळ्या जागेत, एकही अडथळा न ठेवता. कुत्रा डाव्या बाजूला घेऊन पळा, मग उजव्या बाजूला, वेग वाढवा, कमी करा, वळा, आणि तो बरोबर राहिला की लगेच ट्रीट किंवा खेळणं, पण ते ज्या बाजूला कुत्रा आहे त्याच बाजूच्या हाताने द्या, नाहीतर तो तुमच्या पुढून आडवा यायला शिकतो. मग एक प्लॅस्टिकचा शंकू किंवा बादली ठेवून तिला वळसा घालून यायला शिकवा. हे जमलं की फ्रंट क्रॉस, म्हणजे कुत्र्याच्या पुढे असताना त्याच्याकडे तोंड करून वळायचं आणि बाजू बदलायची. रिअर क्रॉस म्हणजे त्याला पुढे जाऊ द्यायचं आणि त्याच्या मागून बाजू बदलायची. ही पावलं आधी कुत्र्याशिवाय करा, घरात, गच्चीवर, कुठेही, पाय अडखळायचे थांबेपर्यंत.

याच्याबरोबर दोन गोष्टी पक्क्या हव्यात. हाक मारली की येणं, कितीही मजेशीर वास येत असला तरी. आणि सुरुवातीच्या रेषेवर थांबणं, तुम्ही पुढे चालत गेलात तरी रिलीज शब्द, म्हणजे 'आता नीघ' सांगणारा ठरलेला शब्द, ऐकेपर्यंत न हलणं.

पिल्लू असेल तर घाई अजिबात नको. हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग असतो तो पूर्ण घट्ट व्हायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं, मोठ्या जातींना अजून जास्त, तोपर्यंत पूर्ण उंचीच्या उड्या आणि सतत वीव्ह पोल्स (ओळीत उभ्या दांड्या, ज्यांच्यामधून नागमोडी पळायचं) नकोत. जंपची दांडी जमिनीवर ठेवून करा, वर सांगितलेलं सगळं वळणाचं काम करा, त्याने काही बिघडत नाही. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या स्पर्धेत 18 महिन्यांच्या आधी उतरताच येत नाही, ते उगीच नाही. मोठा कुत्रा असेल तर आधी व्हेटला सांधे आणि वजन दाखवून घ्या, आणि नखं कापलेली ठेवा.

आता अडथळे. ए-फ्रेम (दोन बाजूंनी उतार असलेली उंच फळी), डॉगवॉक (चढ-उतार असलेला अरुंद पूल) आणि सीसॉ (खालीवर होणारी फळी) या तिघांच्या टोकाला वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, कॉन्टॅक्ट झोन, उतरताना तिथे पंजा लागलाच पाहिजे, वरूनच उडी मारली तर फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण. नवख्यांसाठी मला सोपी वाटते ती पद्धत म्हणजे मागचे दोन पाय फळीवर आणि पुढचे दोन जमिनीवर ठेवून थांबायला शिकवणं. सीसॉला मात्र वेळ द्या. फळी खाली जाते आणि धाडकन आवाज होतो, कुत्रा एकदा घाबरला तर महिनोन्महिने चढत नाही. म्हणून आधी हलणारा बुटका पाट, त्यावर पाय ठेवला की खाऊ, मग फळीचं टोक तुम्ही हाताने धरून हळू खाली न्यायचं. वीव्ह पोल्स एफसीआयच्या कोर्सवर 12 असतात, दोन दांड्यांत 60 सेंटिमीटर अंतर, आणि शिरताना पहिली दांडी कायम कुत्र्याच्या डाव्या खांद्याला. सुरुवात दोनच दांड्यांनी करा आणि वेगवेगळ्या कोनांतून पाठवा, कारण खरी चूक शिरतानाच होते. सेशन छोटं ठेवा, त्याला अजून करावंसं वाटत असतानाच थांबवा.

स्पर्धेत नाव देण्याआधी नियमपुस्तिका वाचाच, संस्थेप्रमाणे वय आणि उंचीचे गट बदलतात. एफसीआयमध्ये दांडी पाडली, कॉन्टॅक्ट चुकला किंवा कुत्रा अडथळ्याला नाही म्हणाला (रिफ्युजल) तर प्रत्येकी 5 फॉल्ट, तीन रिफ्युजल किंवा चुकीचा अडथळा घेतला तर बाद. पहिल्यांदा जंपिंगच्या रनमध्ये उतरा, त्यात कॉन्टॅक्टचे अडथळे नसतात.

कोर्स वॉक हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. कुत्र्याशिवाय काही मिनिटं फिरायला मिळतं, त्यात नुसते नंबर पाठ करू नका. आधी कुत्र्याची वाट चाला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून बघा की जंपवरून उतरल्यावर त्याला समोर काय दिसतंय, चुकीच्या टनेलचं तोंड दिसत असेल तर तिथे तुम्ही कुठे असायला हवं ते ठरवा. मग तुमची वाट पळून बघा, क्रॉस कुठे करायचा ते नक्की करा, आणि शेवटी डोळे मिटून पूर्ण कोर्स मनात म्हणता येतोय का बघा.

रनच्या आधी त्याला चालवून, हळू पळवून अंग गरम करा. मधेच चुकलं तर ओरडू नका, गुणांचा बोर्ड तुम्हाला दिसतो, त्याला फक्त तुमचा चेहरा दिसतो. शेवटची जंप झाली की पट्टा लावा, रिंगच्या बाहेर या आणि ठरलेला खाऊ लगेच द्या, निकाल काहीही असो, मग पाणी आणि थोडं चालणं. एखाद्याला व्हिडिओ काढायला सांगून ठेवा, नंतर बघताना कुत्रा कुठे वळला ते नको, तो वळला त्याच्या एक सेकंद आधी तुमचे खांदे कुठे होते ते बघा.