लहान बेटावर सागरी जीव पाहायला जाताना या चुका टाळा

लांबलचक किनारपट्टीवर एखाद्या प्राण्याला त्रास झाला, तर तो दुसरीकडे निघून जाऊ शकतो. लहान बेटाभोवती त्याला ती मोकळीक नसते. एखाद्या उथळ उपसागरात चरणारी कासवे मोजकीच असतात आणि ती वर्षानुवर्षे त्याच समुद्री गवताकडे परत येतात. सकाळच्या बोटीतली माणसे, दुपारच्या बोटीतली माणसे आणि उद्या येणारी माणसे, अशी सगळी याच कासवांभोवती जमतात. पर्यटकासाठी ती आयुष्यात एकदाच लाभणारी भेट असते, पण कासवाला त्या दिवसात कितव्यांदा तरी कोणीतरी घेरलेले असते. ‘माझ्या एकट्याने असा काय फरक पडणार’ हा हिशेब लहान बेटावर चुकतो, तो यामुळेच. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका कोणी वाईट हेतूने करत नाही. जवळ जाण्याच्या ओढीपोटी त्या घडतात आणि त्यामुळे त्या करणाऱ्याच्या सहजासहजी लक्षातही येत नाहीत.

हमी पाहून सहल ठरवणे

पहिली चूक पाण्यात उतरण्याच्या कितीतरी आधी होते. ‘नक्की दिसणार’ असे आश्वासन देणारी सहल आपण निवडतो, पण रानटी प्राणी कुठे आणि केव्हा दिसेल याची हमी कोणालाच देता येत नाही. जो ती देतो त्याला ती पाळण्यासाठी प्राण्यांना खाद्य टाकावे लागते, नाहीतर त्यांचा पाठलाग करावा लागतो. फिलिपीन्समधील ओस्लोब येथे २०११ पासून व्हेल शार्क या अवाढव्य माशांना रोज खाद्य देऊन पर्यटकांसमोर आणले जाते. तेथे झालेल्या अभ्यासांत काही शार्क नेहमीपेक्षा जास्त काळ त्याच जागी रेंगाळत असल्याचे आणि त्यांच्या अंगावर जखमांचे व्रण असल्याचे नोंदवले गेले आहे. बोट म्हणजे अन्न, हे समीकरण एकदा पक्के झाले की प्राणी प्रत्येक बोटीकडे जाऊ लागतो आणि प्रत्येक बोटीचे इंजिन बंद असतेच असे नाही. केमन बेटांवरील उथळ पाण्यात पर्यटकांनी पोसलेले स्टिंगरे मासे रात्री वावरण्याची आपली मूळ सवय सोडून दिवसा वावरू लागल्याचे संशोधकांना आढळले आहे. माझ्या मते खाद्य टाकून प्राणी जमवणाऱ्या सहलीला सरळ नकार द्यावा, मग ती कितीही स्वस्त किंवा सोयीची असो.

सहल घेण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. एका मार्गदर्शकामागे किती माणसे पाण्यात उतरतात? बोट नांगर टाकते की कायम बसवलेल्या बोयाला, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधली जाते? प्राणी दिसला नाही तर काय करता? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही दिसला तर नाही दिसला, परत येऊ’ असे उत्तर मिळाले, तर माणूस भरवशाचा आहे असे समजायला हरकत नाही. डायव्हिंग आणि स्नॉर्केलिंगच्या (नळीने श्वास घेत पृष्ठभागावर पोहण्याच्या) व्यवसायांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पुढाकाराने २००४ मध्ये ‘ग्रीन फिन्स’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात सहभागी झालेल्या व्यावसायिकांची ठरावीक आचारसंहितेनुसार तपासणी होते. बेटावर असा सदस्य असेल तर निवड सोपी होते.

अंतर मोजायचे, पण दिशा विसरायची

किती अंतर ठेवावे याचे आकडे बहुतेकांना कुठून तरी ऐकून ठाऊक असतात. गॅलापागोस बेटांवर प्राण्यांपासून किमान २ मीटर दूर राहावे लागते आणि अधिकृत मार्गदर्शकाशिवाय राष्ट्रीय उद्यानाच्या बहुतेक अभ्यागत-स्थळांवर फिरता येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील निंगालू येथे व्हेल शार्कच्या डोक्यापासून आणि शरीरापासून ३ मीटर, तर शेपटीपासून ४ मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे, आणि एका शार्कसोबत एका वेळी १० पेक्षा जास्त माणसे पाण्यात राहू शकत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बोटीने देवमाशापासून १०० मीटर आणि डॉल्फिनपासून ५० मीटर दूर राहायचे असते. हे आकडे आवश्यक आहेतच, पण नियमाने सांगितलेल्या अंतरावर राहूनही प्राण्याला पुरते हैराण करता येते, कारण आपण कोणत्या बाजूने येतो यालाही तितकेच महत्त्व आहे.

कासवाचेच पाहू. कासव फुफ्फुसांनी श्वास घेते, त्यामुळे चरता चरता त्याला अधूनमधून पृष्ठभागावर यावे लागते. आपण त्याच्या नेमके वर तरंगत राहिलो, तर त्याचा हवेकडे जाण्याचा मार्गच अडतो. ते वळसा घालते, पुन्हा खाली जाते आणि दम लागलेल्या अवस्थेत दुसरीकडे पोहत निघते. पर्यटक मागून आनंदाने चित्रीकरण करत असतो. योग्य पद्धत अशी की कासवाच्या एका बाजूला, त्याला आपण दिसू अशा बेताने आणि किंचित मागे राहावे. त्याने मान वर करून निघण्याची तयारी केली, तर आपण जागच्या जागी थांबावे. चरायचे सोडून ते आपल्याकडे पाहू लागले, पुढचे पंख जोरात मारू लागले किंवा वारंवार दिशा बदलू लागले, तर आपण गरजेपेक्षा जास्त जवळ आलो आहोत.

देवमासे आणि डॉल्फिन यांच्या बाबतीत सर्वांत वाईट दिशा म्हणजे समोरची. बोट त्यांच्या मार्गावर आडवी आणणे, कळपाच्या मधून नेणे किंवा आई आणि पिल्लू यांच्या मध्ये घुसवणे हे प्रकार टाळून बोट त्यांना समांतर आणि संथ गतीने चालवावी. कळप वळला तर त्याला वळू द्यावे. मांटा रे माशाच्या अंगावर श्लेष्माचा संरक्षक थर असतो, म्हणून त्याला हात लावणे अयोग्यच आहे. पण न शिवताही चूक होते: खडकावरच्या ज्या जागी लहान मासे मांटाचे अंग साफ करतात, तिच्या बरोबर वर तरंगत राहिले की मांटा येतो, घिरटी घेतो आणि निघून जातो. मालदीवमधील बा अटॉल हा प्रवाळ बेटांचा समूह असून ते २०११ मध्ये युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत समाविष्ट झाले. तेथील हनिफारू उपसागरात अन्नासाठी जमणाऱ्या मांटांना पाहण्यासाठी स्कूबा डायव्हिंगला परवानगी नाही, केवळ स्नॉर्केलिंग करता येते.

झोपलेल्या प्राण्याला खेळकर समजणे

ही चूक फार थोड्यांना चूक वाटते, म्हणून तिच्याकडे वेगळे लक्ष वेधतो. स्पिनर डॉल्फिन रात्री खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा बेटांच्या उथळ, वाळूच्या उपसागरांत विश्रांती घेतात. विश्रांतीतही ते पूर्ण थांबत नाहीत. घट्ट कळप करून, शांतपणे मागे-पुढे पोहत राहतात. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला ते आपल्यासाठीच जवळ आल्यासारखे वाटते आणि तो पाण्यात उडी मारतो. रोज असेच घडत राहिले, तर रात्रभर दमलेल्या कळपाला दिवसाही विसावा मिळत नाही. याच कारणाने अमेरिकेने २०२१ मध्ये हवाईच्या मुख्य बेटांच्या किनाऱ्यापासून २ सागरी मैलांपर्यंत स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ४५ मीटरच्या आत जाणे नियमबाह्य ठरवले. सकाळी उथळ पाण्यात संथ फिरणारा कळप दिसला, तर तो झोपला आहे असे धरून चालावे.

प्रवाळ म्हणजे दगड असे धरून चालणे

स्नॉर्केलिंगला नव्याने उतरलेला माणूस मास्कमध्ये पाणी शिरले की घाबरतो, पाय खाली सोडतो आणि हाताशी येईल त्यावर उभा राहतो. ते बहुधा प्रवाळ असते, म्हणजे दगड नव्हे, तर चिमुकल्या प्राण्यांची जिवंत वसाहत. गोलसर घट्ट प्रवाळ वर्षाला ०.३ ते २ सेंटिमीटर वाढते, तर फांद्यांचे प्रवाळ साधारण १० सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे एका टाचेने मोडलेली वाढ भरून यायला कित्येक वर्षे लागतात आणि त्याच जागी पुढच्या आठवड्यात दुसरी टाच पडते. यावरचा उपाय कौशल्याचा आहे. मास्क रिकामा करणे, पाठीवर उलटून तरंगणे आणि फिनचा, म्हणजे पायात घालायच्या वल्ह्यासारख्या पट्टीचा, फटका खाली न मारता पाय आडवे ठेवणे या गोष्टी प्रथम वाळूच्या तळावर, कमरेएवढ्या पाण्यात शिकाव्यात. पोहण्याचा आत्मविश्वास नसेल तर तरंगण्याचे जॅकेट घालावे. त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. हातमोजे मात्र घालू नयेत, कारण हात सुरक्षित आहे असे वाटले की माणूस नकळत धरू लागतो. कॅरिबियनमधील बोनेअर बेटाच्या सागरी उद्यानात हातमोज्यांना आणि प्रवाळावर नांगर टाकण्याला बंदी आहे. वाऱ्याबरोबर बोट फिरते तेव्हा नांगराची साखळी तळाचा मोठा भाग खरवडते.

सनस्क्रीनबाबत बराच गोंधळ आहे. सनस्क्रीनमधील, प्रवाळाला घातक मानल्या जाणाऱ्या ऑक्सिबेन्झोनसारख्या घटकांवर पलाऊ या पॅसिफिकमधील देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून विक्रीबंदी घातली. प्रवाळासमोरचा सर्वांत मोठा धोका तापणाऱ्या समुद्राचा आहे, यात शंका नाही. तरीही अंगभर, लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला की पाण्यात जाणारे रसायन आपोआप कमी होते आणि बाटलीवरची नावे वाचत बसावे लागत नाही.

रात्रीच्या किनाऱ्यावर मोबाइलचा दिवा लावणे

अंडी घालायला येणारी कासवाची मादी पाण्याबाहेर पडताना सर्वांत सावध असते. या वेळी तिला हालचाल किंवा पांढरा प्रकाश दिसला, तर ती अंडी न घालताच परत फिरू शकते. म्हणून मार्गदर्शकाने खूण करेपर्यंत जागीच बसून राहावे, कधीही तिच्या समोर जाऊ नये, फ्लॅश वापरू नये आणि दिवा लागलाच तर मंद तांबडा वापरावा. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला सुमारे दोन महिने लागतात. पिल्ले बहुधा रात्री निघतात आणि उजळ क्षितिजाकडे सरकतात, जे नैसर्गिक किनाऱ्यावर समुद्राचे असते. खोलीच्या गॅलरीतला एक दिवा त्यांना उलट दिशेला, जमिनीकडे नेऊ शकतो. त्यामुळे अंडी-पिल्लांच्या हंगामात समुद्राकडचे पडदे ओढून घ्यावेत. दिवसा मुलांनी खणलेले वाळूचे खड्डे संध्याकाळी बुजवावेत, कारण हाताच्या तळव्यात मावणाऱ्या पिल्लाला खोल पाऊलखूणसुद्धा दरीसारखी असते. वाट चुकलेले पिल्लू उचलून पाण्यात सोडण्याचा मोह आवरावा, कारण वाळूवरचा तो प्रवास त्याच्या वाढीचाच एक भाग मानला जातो. दिवा बंद करावा, वाट मोकळी ठेवावी आणि प्रशिक्षित माणसाला बोलवावे.

सागरी पक्ष्यांच्या वसाहतीजवळही हेच पथ्य आहे. सुरय पक्षी उघड्या वाळूवर किंवा खडीवर अंडी घालतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. घाबरून पालक उडाले की अंडी उन्हात तापतात, गल पक्षी त्यांच्यावर झडप घालतात. ड्रोन तर वसाहतीजवळ उडवूच नये. शंख, प्रवाळाचे तुकडे किंवा कासवाच्या पाठीच्या वस्तू घरी नेऊ नयेत: समुद्री कासवांचा आणि त्यांच्यापासून बनवलेल्या वस्तूंचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ या धोक्यातील वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या करारानुसार प्रतिबंधित आहे, तर कठीण प्रवाळ आणि महाकाय शिंपल्यांच्या व्यापारावर त्याच करारानुसार नियंत्रण आहे.

चूक होऊनच गेली तर

प्रवाळावर पाय पडलाच, तर झटका देऊन उसळी मारू नये, कारण फिनच्या दुसऱ्या फटक्याने जास्त मोडते. गुडघे पोटाशी घ्यावेत, छातीत हवा भरून वर तरंगावे आणि मगच हळू पोहत बाजूला व्हावे. प्राणी स्वतःहून जवळ आला तर हात अंगाशी घ्यावेत, श्वास संथ ठेवावा आणि त्याला जाऊ द्यावे. मागे पोहू नये.

बोटचालक फार जवळ जात असेल तर भर समुद्रात वाद घालण्यापेक्षा ‘आम्हाला दुरून पाहायला आवडेल, इंजिन बंद ठेवाल का?’ असे सर्वांच्या वतीने म्हणावे. अनेक चालक पर्यटकांच्या दबावामुळेच जवळ जातात आणि असे वाक्य त्यांना हायसे वाटायला लावते. तरीही ऐकले नाही, तर बोटीचा क्रमांक, वेळ आणि जागा लिहून ठेवावी आणि परतल्यावर उद्यानाच्या किंवा वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात द्यावी. किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन अडकलेला दिसला, तर त्याला शेपटी किंवा परांना धरून ओढू नये आणि समुद्रात ढकलूही नये. मदत येईपर्यंत त्याला सावली करावी, अंग ओले ठेवावे आणि डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाणी किंवा वाळू जाणार नाही याची काळजी घ्यावी.

कॅमेऱ्याचा उपयोगही जवळ जाण्यासाठी करण्याची गरज नाही. व्हेल शार्कच्या डाव्या बाजूला, कल्ल्यांच्या मागे असलेले ठिपके, मांटाच्या पोटावरचे डाग आणि कासवाच्या गालावरचे खवले प्रत्येक प्राण्यात वेगळे असतात. त्यांच्या छायाचित्रांवरून संशोधक तोच प्राणी पुन्हा पुन्हा ओळखतात. नियमाच्या अंतरावरून, फ्लॅशशिवाय घेतलेले असे छायाचित्र तारीख आणि जागेसह बेटावरच्या संशोधन गटाला द्यावे. ते समाजमाध्यमावर टाकताना नेमके ठिकाण काढून टाकावे, नाहीतर त्याच कासवाभोवती आणखी एक बोट येते.