जुन्या गाडीचा चेसी नंबर आरसीशी जुळत नाहीये? आधी हे बघा

जुनी पद्मिनी, अँबेसिडर बघायला गेलं की आपण पहिलं पत्रा वाजवून बघतो, मग सायलेन्सरचा धूर, आणि आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, नीट वाचतो ते टोकन देऊन झाल्यावर. मीही तेच केलं. १९७९ ची पद्मिनी, भाव बरा, आणि ट्रान्सफरला गाडी उभी केली तर आरटीओचे इन्स्पेक्टर बॉनेटखाली वाकून चेसी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा नंबर, बघून म्हणाले, इथं आठ दिसतोय, कागदावर तीन आहे. एप्रिल महिना, डोक्यावर सोलापूरचं ऊन, मी काय बोलणार.

आता कुणी विचारलं की एवढंच सांगतो, नंबर चुकलाय तो कागदावर का लोखंडावर हे कळेपर्यंत एक रुपया खर्च करू नका, एजंटला तर अजिबात नको.

जुन्या गाडीत चेसी नंबर बहुतेक दोन जागी सापडतो, एक रिव्हेट मारलेली प्लेट आणि दुसरा थेट पत्र्यात ठोकलेला पंच. प्लेट कुणीही बदलू शकतो, म्हणून खरा पंच धरायचा. इंजिन नंबर वेगळा, तो ब्लॉकवर. चाळीस वर्षांत गाडीला तीनदा तरी रंग लागलेला असतो आणि पंच त्याखाली बुजतो, तर थिनरमध्ये कापड बुडवून हळूहळू पुसा. पॉलिश पेपर, वायर ब्रश, ग्राइंडर जवळपास पण आणू नका, कारण ते ओरखडे बघून कुणालाही वाटणार की नंबर घासलाय. मग टॉर्च आडवा धरून फोटो काढा आणि वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, आरटीओत जी चेसीची पेन्सिल प्रिंट मागतात तीच. माझ्या प्रिंटमध्ये आठाची डावी बाजू स्वच्छ उमटली. म्हणजे गाडी बरोबर, कागद चूक. जुनं हाताने लिहिलेलं आरसी बुक निघालं त्यात पण आठच, फक्त शाई उडून तो तीनासारखा दिसत होता, कॉम्प्युटरवर भरताना कुणीतरी तीन वाचला.

अशी अक्षराची चूक असेल तर घाबरायचं काम नाही. जुनं बुक, जुन्या पॉलिसी, टॅक्सच्या पावत्या, जे मिळेल ते गोळा करा, अर्ज, ॲफिडेव्हिट आणि प्रिंट जोडा, गाडी दाखवा. वेळ जातो पण होतं. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस, बी आणि आठ हे नेहमीचे गोंधळ. सतरा आकडी नंबर असलेल्या नव्या गाडीत आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे तिथं ओ दिसला तर तो शून्यच. आणि पद्मिनीला सतरा आकडे नाहीत म्हणून ती डुप्लिकेट असं कुणी सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावा, त्या काळी नंबर छोटेच असायचे.

इंजिन नंबर जुळत नसेल तर बहुतेक वेळा कुणीतरी इंजिन बदललेलं असतं आणि कळवलेलं नसतं, पेट्रोलच्या गाडीत डिझेल इंजिन बसवलेल्या तर कितीतरी सापडतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी न घेता इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. बसवलेल्या इंजिनचं बिल, नाहीतर ज्या गाडीतून काढलं तिचे कागद मागा. विकणारा 'भंगारातून आणलंय' म्हणाला तर आरसीवर नंबर चढवायची जबाबदारी त्याच्यावर टाका आणि तोपर्यंत पैसे हातात ठेवा.

चेसीचा पंचच घासलेला, परत ठोकलेला, किंवा भोवती वेल्डिंग दिसत असेल तर भाव कितीही पडू दे, घरी या. आमचा मेकॅनिक म्हणाला होता, "मालक, पंच मारून देतो की, कुणाला कळतंय." कळतं. पंच मारताना खालचं लोखंड पण दाबलं जातं, वरचं घासलं तरी लॅबवाले ॲसिड लावून जुना आकडा परत काढतात. स्वतः ठोकणं म्हणजे स्वतःच्या गाडीला चोरीची करणं. गंजून खरंच गेला असेल तर आधी आरटीओत लेखी अर्ज द्या, मगच हात लावा. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, वेबसाइटवर चोरीच्या गाड्यांचं रेकॉर्ड बघता येतं, तेवढं टोकनच्या आधी बघाच.

पुढं पन्नास वर्षं झाल्यावर गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायचा विचार असेल तर हे सगळं आत्ताच निस्तरा. २०२१ च्या नियमात गाडी मूळ रूपात असावी लागते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि नंबर प्लेटवरच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात.

आणि आरसी दुरुस्त होऊन आली की त्याच दिवशी इन्शुरन्सवाल्याला मेल टाकून पॉलिसीत नंबर बदलून घ्या. मी विसरलो होतो, पॉलिसीत अजून तीनच होता.