डिसेंबरात निस्से घरी ठेवायचा, तर

डेन्मार्कमध्ये नोव्हेंबर संपत आला की पाळणाघरातून परतलेले मूल हमखास विचारते, की आपल्याकडे निस्से कधी येणार. निस्से म्हणजे राखाडी कपडे आणि लाल टोकदार टोपी घालणारा, जेमतेम गुडघ्याएवढा माणूस. नाताळच्या महिन्यात तो घरात लपून राहतो, रात्री खोड्या काढतो आणि तांदळाची खीर खातो, अशी इथल्या मुलांची पक्की समजूत असते. ज्या मराठी घरांत ही मागणी पहिल्यांदाच येते, तिथल्या पालकांना ती कशी पुरी करावी हे कळावे म्हणून हे टिपण आहे.

तयारीला लागण्यापूर्वी या प्राण्याचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. निस्से मुळात नाताळचा नाही, तो शेतघराचा आहे. गोठ्यात किंवा माळ्यावर राहून तो गुराढोरांवर लक्ष ठेवत असे आणि त्याच्या बदल्यात त्याला लोणी घातलेली खीर द्यावी लागे. कोकणात आणि गोव्यात राखणदाराला रोट देतात आणि तो चुकला तर राखणदार कोपतो असे मानतात. निस्सेची मूळ कल्पना याच्या फार जवळची आहे. एका प्रसिद्ध दंतकथेत खिरीवर लोणी दिसत नाही म्हणून चिडलेला निस्से घरातली उत्तम गाय मारून टाकतो, परत येऊन खीर खातो तेव्हा लोणी वाटीच्या तळाशी सापडते, आणि मग ओशाळून तो शेजाऱ्याची तशीच दिसणारी गाय आणून गोठ्यात बांधतो. नाताळाशी त्याचे नाते जुळले ते एकोणिसाव्या शतकात. १८३६ साली रोममधल्या डॅनिश कलावंतांच्या नाताळासाठी चित्रकार कॉन्स्टांटिन हान्सन यांनी सजावटीत निस्से रंगवले, तो प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो.

हे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. अमेरिकेत २००५ पासून ‘एल्फ ऑन द शेल्फ’ नावाचा जो बाहुला घरोघरी पोहोचला, तो मुलांवर पाळत ठेवतो, रोज रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन सांताक्लॉजला अहवाल देतो आणि त्याला हात लावला तर त्याची जादू जाते. निस्से चहाडी करत नाही. त्याचा व्यवहार घराशी आहे: तुम्ही मला खाऊ घाला, मी तुमचे घर सांभाळतो, आणि अधूनमधून खोडी काढतो. त्यामुळे ‘निस्से बघतोय, गप्प जेव’ असा धाक त्याच्या नावाने घालू नये. तसा धाक घातला की मूल त्याची वाट पाहणे सोडून देते, आणि मग एवढा खटाटोप करण्यात अर्थ उरत नाही.

पहिले काम दाराचे. वीतभर उंचीचे लाकडी दार दुकानात मिळते, किंवा जाड पुठ्ठ्याचे घरीच करता येते. ते ३० नोव्हेंबरच्या रात्री, मूल झोपल्यावर, भिंतीला स्कर्टिंगच्या वर चिकटवावे. बाहेर छोटे पायपुसणे, काडेपेटीची टपालपेटी आणि शक्य असल्यास एक शिडी ठेवावी. दार मुलाच्या खोलीत न लावता बैठकीत किंवा स्वयंपाकघरात लावणे बरे. तीन-साडेतीन वर्षांच्या काही मुलांना रात्री कोणी अनोळखी माणूस घरात हिंडतो ही कल्पनाच सहन होत नाही. अशा मुलाच्या घरी निस्सेने खोड्या न काढता फक्त चिठ्ठ्या लिहाव्यात आणि दार रात्री बंद राहील असे मुलाला आधीच सांगून टाकावे.

चिठ्ठ्या शक्यतो मराठीत लिहाव्यात. डेन्मार्कमध्ये वाढणाऱ्या मुलाला देवनागरी वाचण्याचे स्वतःचे असे कारण क्वचितच मिळते, आणि बोटभर कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेली ‘मी आलो. भूक लागली आहे.’ ही दोन वाक्ये वाचायला ते आपणहून धडपडते. चिठ्ठी डाव्या हाताने लिहावी, कारण पालकांचे अक्षर मुले लवकर ओळखतात.

खोड्यांच्या बाबतीत बहुतेक पालक पहिल्या आठवड्यात सगळा दारूगोळा संपवतात. चोवीस रात्रींसाठी आठ-दहा खोड्या पुरतात; उरलेल्या दिवशी निस्से दमलेला असतो, असे त्याने चिठ्ठीत लिहिले तर कोणी तक्रार करत नाही. त्या दिवसांची कसर दिनदर्शिकेची मेणबत्ती भरून काढते. तिच्यावर १ ते २४ आकडे असतात आणि रोज एक आकडा जळू द्यायचा असतो. शिवाय १९६२ पासून डॅनिश दूरचित्रवाणीवर नाताळच्या दिनदर्शिकेच्या, म्हणजे २४ डिसेंबरपर्यंत रोज एक भाग दाखवणाऱ्या, मालिका लागतात. एक संध्याकाळ क्रावलेनिस्से कापण्यासाठी राखून ठेवावी. हे कागदी निस्से चित्रांच्या चौकटींवर आणि फळ्यांच्या कडांवर चढताना दिसतात, आणि त्यांचे छापील ताव १९४७ पासून, फ्रेडरिक ब्रामिंग यांच्या चित्रांपासून, रूढ झाले.

चांगली खोडी तीच, जी पाहून मूल हसते आणि जी आवरायला पालकांना पाच मिनिटे पुरतात. दुधाच्या खोक्यात हिरव्या खाद्यरंगाचा थेंब टाकणे, फळांना कागदी डोळे चिकटवणे, सगळ्यांचे मोजे दोरीवर वाळत घालणे, बुटांच्या नाड्या एकमेकांना बांधणे असे प्रकार पुरेसे आहेत. मसाल्याच्या डब्याला मात्र निस्सेचा हात लागू देऊ नये, हळदीचा डाग भाड्याच्या घरातल्या लाकडी जमिनीवरून जात नाही. खोडीचे खापर मुलावर फुटू नये, आणि सोमवारी सकाळी कोणाला लवकरची बस गाठायची असेल तेव्हा बूट मोकळे असावेत.

सर्वांत परिणामकारक खोडी पावलांची आहे आणि ती मराठी घराला शिकवावी लागत नाही. गौरी आणताना जशी पावले उमटवतात तशीच ही करायची. मूठ वळून तिची करंगळीकडची कड पिठात बुडवावी, जमिनीवर टेकवावी आणि वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके द्यावेत. एक पाऊल डाव्या मुठीचे, पुढचे उजव्या मुठीचे, अशी रांग दारापासून खाऊच्या डब्यापर्यंत नेली की सकाळी वेगळे काही सांगावे लागत नाही. पीठ मैद्याचे घ्यावे, फिकट फरशीवर कोको अधिक उठून दिसतो.

आता खिरीचे. ती निदान २३ डिसेंबरच्या रात्री तरी ठेवलीच पाहिजे. साधारण सव्वादोनशे ग्रॅम आखूड, गोल दाण्याचा तांदूळ दोन डेसिलिटर पाण्यात दोन मिनिटे उकळावा, एक लिटर दूध घालून ढवळत उकळी आणावी, आणि मग झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पस्तीस ते चाळीस मिनिटे शिजू द्यावे. मीठ शेवटी घालावे. बासमती इथे कामाचा नाही. तांदूळ चिकट हवा, त्यामुळे घरी इंद्रायणी असेल तर तो चालतो. साखर शिजताना न घालता दालचिनीत मिसळून वरून भुरभुरावी आणि मधोमध लोण्याचा गोळा ठेवावा. गाईची गोष्ट लक्षात घेता लोणी वरच, सहज दिसेल असे असावे. निस्सेची वाटी दारापाशी ठेवून रात्री ती पालकांनी खरोखर संपवावी. वाटी धुऊन ठेवली तर मूल शंका घेते. चमच्याने खरवडल्याच्या रेघा आणि कडेला चिकटलेली दोन शिते हवीत.

उरलेली खीर फुकट जात नाही. २४ तारखेच्या रात्रीच्या जेवणानंतर तीच थंड खीर फेटलेली साय, व्हॅनिला आणि सोललेल्या बदामांचे तुकडे घालून, वर गरम चेरीचा रस ओतून खातात. त्यात एकच अख्खा बदाम असतो आणि तो ज्याला मिळेल त्याला बक्षीस, बहुधा मार्झिपानचे, म्हणजे बदाम आणि साखर वाटून केलेल्या मिठाईचे, डुक्कर. अनुभवी खाणारा बदाम गालात दडवून गप्प बसतो आणि बाकीच्यांना पातेले संपवायला लावतो. शाकाहारी घरात पाहुण्यांना बोलवायला हा प्रकार सोयीचा आहे.

सात-आठ वर्षांचे मूल एक दिवस सरळ विचारते, की हे सगळे तुम्हीच करता ना. त्या वेळी खोटे बोलू नये. धाकटे भावंड असेल तर मोठ्याला पिठाची वाटी हातात द्यावी आणि पावले करायला लावावीत. गुपित सांभाळण्याची जबाबदारी मिळाली की हिरमोड फार वेळ टिकत नाही.

६ जानेवारीच्या आसपास झाड बाहेर जाते, त्याच दिवशी दारही काढावे. दुहेरी चिकटपट्टी थेट ओढली तर भिंतीचा रंग सोबत येतो, म्हणून केस वाळवण्याच्या यंत्राने मिनिटभर गरम हवा मारून ती हळूहळू सोडवावी. भाड्याच्या घराची अनामत तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असू शकते, आणि घर सोडताना भिंती रंगवण्याचा खर्च तिच्यातूनच कापला जातो.