गावच्या मातीचे रंग घरी कसे बनवायचे

आधी मी अ‍ॅक्रिलिकच वापरायचो आणि ब्रश धुतलेलं पाणी बिनधास्त मागच्या दाराला ओतायचो, तिथून ते उताराने सरळ व्हाळात, म्हणजे ओढ्यात. अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच, हे माहीत होतं पण डोक्यात शिरलं ते व्हाळाकाठच्या दगडावर निळा पापुद्रा दिसला तेव्हा. आता जमेल तेवढं काम मातीच्या रंगांतच.

माती शेतातली वरची नको, त्यात मुळं आणि कुजकं फार. आमच्याकडे कोकणात जांभ्याची तांबडी माती पावलोपावली आहेच, पण रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे किंवा नवीन विहिरीच्या ढिगात बघा, पिवळी, तांबडी, पांढरट अशी ढेकळं मिळतात. दोन करवंट्या भरून आणली तरी महिनाभर पुरते. कुटताना तोंडाला फडकं बांधा.

आता खरं काम म्हणजे माती धुणं. बादलीत दोन मुठी माती, भरपूर पाणी, हाताने ढवळायचं आणि मनात वीस मोजायचे. रेती, खडे खाली बसतात, वरचं गढूळ पाणी लगेच जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या. खालच्या मातीत परत पाणी घालून हेच आणखी दोनदा. मग रात्रभर त्या भांड्याला हात लावायचा नाही. सकाळी वर नितळ पाणी आणि खाली सायीसारखा गाळ, पाणी अलगद झाडाला घालायचं, गाळ ताटात वाळवून पाट्यावर वाटायचा. चिमूटभर बोटांत चोळून बघा, कचकच लागली तर परत धुवा, इथे आळस केला की चित्रावर ओरखडे उठतात.

पिवळी माती लोखंडी तव्यावर चांगली भाजली की तांबडी होते, कारण त्यातल्या लोहाच्या खनिजातलं पाणी उडून जातं. मधेमधे चमचाभर काढत राहिलात तर एकाच मातीच्या चार छटा होतात, मला तर यातच सगळ्यात मजा येते!

चिकटायला बाभळीचा डिंक. 1 वाटी डिंक 2 वाट्या पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, अर्धा चमचा मध घाला म्हणजे थर तडकत नाही. मग त्यात वाटलेली माती घोटायची, की रंग तयार. वाळलेल्या रंगावर बोट फिरवून बघायचं, बोटाला लागला तर डिंक कमी, चकाकून चिरा पडल्या तर जास्त.

काळ्यासाठी दिव्याची काजळी, पण ती पाण्यावर तरंगते म्हणून आधी डिंकाच्या पाण्यातच घोटा. पांढरा वारली पद्धतीचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, डिंक घालून, आणि ब्रशऐवजी टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लागेल तेवढाच करा, दुसऱ्या दिवशी आंबतो. हळदीच्या नादी लागू नका, माझं पडवीतलं हळदीचं सूर्यफूल दोन महिन्यांत पांढरं पडलं. निळा मात्र आपल्या मातीत नाही, अजिंठ्यातसुद्धा लाल-पिवळे रंग मातीचे पण निळ्यासाठी लाजवर्द नावाचा निळा दगड बाहेरूनच आणलेला, त्यामुळे मी ती हौस सोडून दिली.

ब्रश धुतलेलं पाणी आता एका जुन्या डब्यात साठवतो. चार दिवसांनी वरचं पाणी काढलं की खाली करडा-तपकिरी गाळ उरतो, त्यात थोडा डिंक घातला की परत रंगच, माझ्या निम्म्या चित्रांतलं पावसाळी आभाळ त्या डब्यातलं आहे.