युनियन स्क्वेअरच्या शेतकरी बाजारातील ऑक्टोबर: भोपळे, सफरचंदे आणि हॅलोविनची खरेदी

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या युनियन स्क्वेअर चौकात भरणारा ग्रीनमार्केट हा शेतकरी बाजार 1976 पासून सुरू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे आठवड्याचे चार दिवस तो सकाळपासून भरतो. विक्रेत्याने स्वतः पिकवलेलाच माल आणावा, असा येथे नियम आहे. त्यामुळे स्टॉलवर जे दिसते ते हडसन खोरे, लाँग आयलंड, न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियातील शेतांत त्या सुमारास खरोखर तयार झालेले असते. बहुतेक जण 31 ऑक्टोबरच्या हॅलोविन या सणाच्या तोंडावर, भोपळा कोरून कंदील करण्यासाठी, एकदाच येतात आणि एक मोठा भोपळा उचलून परततात. माझ्या मते असे करणाऱ्यांच्या हातून या ऋतूचा मोठा भाग निसटतो. महिन्याच्या सुरुवातीला, मध्याला आणि अखेरीला अशा निदान तीन फेऱ्या ठरवाव्यात आणि शक्य असल्यास शनिवारची गर्दी टाळून बुधवारी सकाळी जावे.

पहिल्या फेरीत उन्हाळा आणि शरद शेजारी शेजारी मांडलेले असतात. शेवटचे टोमॅटो, वांगी आणि मिरच्या अजून मिळतात, आणि त्याच वेळी गडद जांभळी काँकर्ड द्राक्षे आलेली असतात. या द्राक्षांची साल गरापासून सहज सुटते, त्यांत बिया असतात आणि त्यांचा वास अतिशय दाट असतो. त्यांचा हंगाम छोटा असल्यामुळे ती दिसताच घ्यावीत. थंडी पडणार असे दिसू लागले की शेतकरी न पिकलेले टोमॅटो उतरवून आणतात. दाण्याचे कूट, तीळ आणि हिरवी मिरची घालून केलेल्या हिरव्या टोमॅटोच्या चटणीसाठी यापेक्षा चांगला माल मिळणे कठीण आहे.

सफरचंदांसाठी महिन्याचा मध्य उत्तम. सफरचंदांच्या उत्पादनात वॉशिंग्टन राज्यानंतर न्यूयॉर्क राज्याचाच क्रमांक लागतो आणि सुपरमार्केटात सहसा न दिसणारे अनेक वाण येथे मिळतात. नुसते खायला कुरकुरीत फळ हवे असेल तर मकाऊन किंवा हनीक्रिस्प घ्यावे. मॅकिंटॉश लवकर मऊ पडते, म्हणून ते शिजवून केलेल्या गोडाच्या पदार्थांना चांगले. कोशिंबिरीसाठी कोर्टलँड निवडावे, कारण चिरल्यावर ते लवकर काळे पडत नाही. न्यूटाउन पिपिन हा जुना वाण तर याच शहराच्या क्वीन्स भागात, अठराव्या शतकात रुजलेला. तो थोडा आंबट व घट्ट असतो आणि साठवणीत त्याची चव आणखी खुलते. डाग पडलेली किंवा वेडीवाकडी फळे वेगळ्या पेटीत स्वस्त ठेवलेली असतात. साखरांबा किंवा चटणी करायची असेल तर बेधडक तीच घ्यावीत.

याच स्टॉलवर मिळणारे सायडर म्हणजे न गाळलेला, तपकिरी, गढूळ दिसणारा सफरचंदाचा ताजा रस. दालचिनी आणि लवंग घालून तो मंद आचेवर गरम करून प्यावा. मात्र बाटलीवरील चिठ्ठी आधी वाचावी. रस पाश्चरीकृत, म्हणजे जंतू मारण्यासाठी तापवलेला, नसेल तर लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना तो देऊ नये.

आता भोपळ्यांविषयी. येथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. कोरण्यासाठीचा मोठा नारिंगी भोपळा आकारासाठी आणि पातळ भिंतीसाठी वाढवलेला असतो. त्याचा गर पाणचट आणि तंतुमय असल्यामुळे त्याची भाजी केली तर निराशाच पदरी पडते. आपल्या लाल भोपळ्याची आठवण येणाऱ्यांनी बटरनट स्क्वॉश किंवा लाँग आयलंड चीज हा चपटा, फिकट तपकिरी, खोल फाकांचा भोपळा घ्यावा. हे दोन्ही क्युकर्बिटा मोशाटा या जातीचे आहेत आणि आपल्याकडचे अनेक लाल भोपळेही याच जातीत मोडतात. त्यामुळे भरीत, रायते आणि घारगे यांना हवा तो गोडवा आणि घट्टपणा त्यांच्यात सापडतो. घारग्यांसाठी दोन वाट्या कीस आणि एक वाटी गूळ एकत्र शिजवून, मिश्रण कोमट झाल्यावर त्यात चिमूटभर मीठ, वेलची आणि मावेल तेवढीच कणीक घालावी. पाणी मुळीच घालू नये. जपानी काबोचा हा भोपळा अधिक कोरडा आणि पिठूळ असतो, तर डेलिकाटा या भोपळ्याची साल इतकी नाजूक असते की तो सालासकट भाजून खाता येतो.

निवडताना देठ शाबूत असलेला, सालीत नख न रुतणारा आणि आकाराच्या मानाने जड लागणारा भोपळा घ्यावा. देठाला धरून तो उचलू नये, कारण देठ तुटला की तेथूनच कुजायला सुरुवात होते. बटरनट कोरड्या, थंड जागी दोन-तीन महिने टिकतो. डेलिकाटा मात्र लवकर संपवावा. शोभेसाठी विकले जाणारे छोटे, खडबडीत, रंगीबेरंगी भोपळे खाण्यासाठी नसतात. त्यांतील काही अतिशय कडू असतात आणि ती कडू द्रव्ये पोटाला बाधतात. घरी लहान मुले असतील तर हे भोपळे स्वयंपाकघरापासून दूरच ठेवावेत.

अखेरच्या आठवड्यात कोरण्याचा भोपळा आणावा. कंदील कोरण्याची प्रथा आयर्लंडमधून आलेल्या स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत आली. मायदेशी ते सलगम कोरत असत, येथे त्यांना भोपळा हाती लागला. कोरलेला भोपळा उबदार हवेत काही दिवसांतच मऊ पडून बुरसटतो, म्हणून हॅलोविनच्या दोन-तीन दिवस आधीच सुरी लावावी. वरचे झाकण तिरके कापावे, म्हणजे ते आत पडत नाही. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवणे सुरक्षित. बिया टाकू नयेत. त्या धुऊन, पूर्ण कोरड्या करून, थोडे तेल, मीठ, तिखट आणि जिरेपूड चोळून 300 अंश फॅरनहाइटवर साधारण अर्धा तास, अधूनमधून हलवत भाजाव्यात.

या फेरीत भोपळ्याबरोबर केल ही पालेभाजी, पार्सनिप हे गाजरासारखे पांढरट मूळ आणि दांड्यासकट विकले जाणारे ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे कोबीचे इवलेसे गड्डे, हेही घ्यावेत. पहाटे शेतावर दहिवर गोठू लागले की या भाज्या थंडीपासून बचावासाठी आपल्यातील पिष्टाची साखर करतात आणि सप्टेंबरपेक्षा स्पष्टपणे गोड लागतात. हॅलोविन बहुधा दिवाळीच्या आगेमागेच येते. 2024 मध्ये तर 31 ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. त्यामुळे येथील मराठी घरांत घारगे आणि भाजलेल्या बिया फराळाच्या ताटात सहज सामावतात.

सण उलटल्यावर कोरलेला भोपळा शिजवून खाऊ नये, कारण उघड्यावर राहिल्याने तो खराब झालेला असतो. न्यूयॉर्क शहरात ऑक्टोबर 2024 पासून ओला कचरा वेगळा देणे बंधनकारक आहे. दिवा आणि इतर सजावट काढून भोपळ्याचे तुकडे त्या डब्यात टाकावेत, म्हणजे त्यांचे खत होऊ शकते.