टेबलमधून हव्या तेवढ्याच ओळी कशा गाळून घ्याव्यात?

समजा, ग्रंथालयाच्या सभासदांचं टेबल आहे. रकाने तीन: नाव, गाव, थकबाकी. आपल्याला सातारा किंवा वाईचे, ५०० रुपयांपेक्षा जास्त थकबाकी असलेले सभासद हवेत.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीत, या कामाला सिलेक्शन म्हणतात; खूण ग्रीक सिग्मा. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत, मात्र ते 'व्हेअर' करतं. 'सिलेक्ट' ठरवतं ते रकाने.

आधी अट अशी लिहा, की एकाच ओळीकडे बघून तिचं उत्तर देता येईल. शेजारच्या ओळीत काय आहे, हे अटीला दिसत नाही. म्हणून 'ज्या गावाची एकूण थकबाकी १०,००० च्या वर' ही अट व्हेअरमध्ये थेट बसत नाही. तिथे 'ग्रुप बाय'ने एकेका गावाच्या ओळींचा गट करून मग 'हॅविंग'ने त्या गटांवर अट लावायची.

मग अटी जोडा, आणि कंस घाला. 'गाव सातारा ऑर गाव वाई अँड थकबाकी ५०० च्या वर' असं सरळ लिहिलंत, तर अँड आधी धरला जातो. वाईचे फक्त थकबाकीदार येतात, साताऱ्याचे मात्र झाडून सगळे! दोन्ही गावांची अट एका कंसात घ्या.

आता खरी मेख: रिकामी जागा, म्हणजे नल. नल म्हणजे शून्य नव्हे; ती रक्कम माहीतच नाही. 'थकबाकी ५०० च्या वर आहे का?' याला अशा ओळीचं उत्तर 'हो'ही नसतं आणि 'नाही'ही नसतं, ते 'अज्ञात' असतं. व्हेअर फक्त 'हो' म्हणणाऱ्या ओळी पुढे सोडतो. अटीला 'नॉट' लावून उलटं विचारलंत तरी अज्ञाताचं उलटं अज्ञातच, म्हणजे ती ओळ दोन्ही याद्यांतून गायब. 'थकबाकी = नल' लिहूनही ती सापडत नाही; 'थकबाकी इज नल' असंच लिहावं लागतं.

यादी कुणाच्या हाती देण्यापूर्वी ही पडताळणी कराच. टेबलात २०० सभासद असतील आणि अटीने ६०, उलट्या अटीने १२५ आले, तर उरलेले १५ इज नलमध्ये मिळायला हवेत. त्यांना थकबाकीदार धरायचं की नाही, हे डेटाबेस ठरवू शकत नाही. ग्रंथपालांना विचारा आणि त्यांचं उत्तर अटीतच स्पष्ट लिहा.